मॉरीची फेरी

"तुमच्या सोयीसाठी" हे शब्द कुठं छापलेले दिसले की नेरिडा गॉफ आधी आपली पर्स चाचपून पाहायची. कुरिंगातली बँक बंद झाली तेव्हा तिच्या दारावर हेच शब्द चिकटवले होते. मग किराणा दुकानाबाहेरचं पैसे काढायचं यंत्र उचलून नेलं, तेही गावाच्या सोयीसाठीच. सोय नेमकी कुणाची झाली हे विचारायला फोन करावा, तर पलीकडची बाई गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा सांगत राहायची. नेरिडाची सगळी नोकरी गव्हाच्या कोठारावर, वजनकाट्यापाशी गेली. ट्रक येताना किती, जाताना किती, आणि मधला फरक कुणाच्या पदरात, एवढंच तिचं जगाकडे बघायचं शास्त्र. सोयीचा ट्रक गावातून भरून जातो आणि रिकामा परत येतो, हे तिला केव्हाच कळलं होतं.

तर फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी बोल्स क्लबच्या टेबलाटेबलावर चौकोनी ठिपक्यांचे कोड चिकटलेले दिसले, आणि वर फलक: 'तुमच्या सोयीसाठी! आता रांग नाही, रोख नाही. कोड टिपा, बिअर टेबलावर.'

"झालं," नेरिडा खुर्ची ओढत म्हणाली. "आता हे कुणाच्या खिशात हात घालणार?"

"अगं, पाटी वाचायच्या आधी बस तरी," क्लेम म्हणाला. क्लेम बॅटर्सबीनं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे कुणी उभं राहिलेलं त्याला आजही सहन व्हायचं नाही.

क्लबच्या हिरवळीवर चेंडू घरंगळवणारे आता मोजकेच उरले होते. पण शुक्रवारी संध्याकाळी प्यायला सगळं गाव यायचं, आणि कोपऱ्यातलं टेबल या चौघांचं असायचं. नेरिडा, क्लेम, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेली इव्हॉन, आणि मॉरी डिलन. मॉरीनं जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली. त्याची पाठ कातरायला वाकल्यासारखीच कायमची वाकली होती, पण बारपाशी जाताना मात्र तो ती होईल तेवढी सरळ करायचा.

कारण बारपाशी जायचं ते फेरी घ्यायला. या गावात कुणी कुणाला बिअर पाजत नाही, फेऱ्या घेतात. पहिली क्लेमची, दुसरी इव्हॉनची, तिसरी मॉरीची, चौथी नेरिडाची. ज्याची पाळी त्यानं उठायचं, सगळ्यांचे ग्लास आणायचे, आणि कुणी आभार मानायचे नाहीत. आभार मानले तर ते उपकार होतात. या हिशेबात श्रीमंत-गरीब नसतो. दोनशे एकरवाला असो की दोन कोंबड्यावाला, त्याची फेरी तेवढीच. माणूस बायकोला फसवून, कर बुडवूनही कुरिंगात राहू शकतो. पण फेरी चुकवणाऱ्याचं नाव त्याच्या नातवंडांपर्यंत पोचतं.

त्या दिवशी क्लेमनं फोन काढला, डोळे बारीक केले, जन्मतारीख दिली, आईचं माहेरचं नाव तेवढं द्यायचं राहिलं, आणि चार बिअर मागवल्या. शेवटी पडदा विचारू लागला: सेवकाला किती बक्षिशी? दहा टक्के, पंधरा, वीस?

"बक्षिशी?" क्लेम दचकला. "आपल्याकडे कधीपासून?"

"आणि खाली बघ," इव्हॉननं चष्मा पुढे ओढला. "सुविधा शुल्क."

"म्हणजे आपणच वेटर व्हायचं, आपणच कारकून व्हायचं, आणि वर त्याची फी भरायची," नेरिडा म्हणाली. "रेलीन! अगं रेलीन! ही बक्षिशी तुला मिळते का गं?"

रेलीन ट्रे घेऊन येत होती. बारमागे तिची निम्मी हयात गेली होती आणि सगळ्या गावाला ती 'राजा' म्हणायची, बायकांनासुद्धा. "मला, राजा? मला मंगळवार-बुधवार सुट्टी मिळालीय. बिनपगारी. फोनच ऑर्डर घेतो म्हटल्यावर दोन बायका कशाला?" तिनं ग्लास ठेवले. "बक्षिशी कुठं जाते ते त्या फोनलाच विचार."

इथपर्यंत सगळं चिडचिडीचं होतं. चिडचिड नेरिडाच्या अंगवळणी पडली होती. खरी ठिणगी तिसऱ्या फेरीला पडली.

मॉरी उठला. पाठ सरळ केली. शर्टाच्या खिशातून पन्नास डॉलरची पिवळी नोट काढून बारकडे गेला. त्याच्याकडे फोन होता, पण तो घरात भिंतीला अडकवलेला. रानात रेंज नाही, मग खिशात घेऊन काय मिरवायचं, असं त्याचं म्हणणं. पेन्शन जमा झाली की तो शेजारच्या गावी जाऊन ती नोटांमध्ये काढून आणायचा आणि नोटा संपल्या की खर्च थांबवायचा. एवढा सोपा कारभार कुणाच्या डोळ्यांत सलण्याचं कारण नव्हतं.

बारपाशी ग्रँट पेल्हम उभा होता. क्लबचा नवा मॅनेजर, शहरातून आलेला, छाटलेली दाढी आणि कधी न संपणारं सौजन्य.

"मॉरी, सॉरी हं. रोख आपण आता घेत नाही. तुमच्याच सोयीसाठी. टेबलावरचा कोड—"

"चार बिअर," मॉरी म्हणाला. त्याला वाटलं, पोराला ऐकू आलं नसावं.

"हो, पण फोनवरून. फोन नसेल तर टेबलावरच्या कुणाला तरी सांगा ना. ते करतील तुमच्यासाठी."

सगळा क्लब बघत होता. म्हणजे कुणी बघत नव्हतं, सगळे आपापल्या ग्लासात बघत होते, आणि ते जास्त वाईट. नेरिडाला ते बघवलं नाही. तिनं झटकन फोन काढला, चार बिअर मागवल्या, आणि नावाच्या चौकटीत 'मॉरी' असं टंकलं. आपण फार हुशारी केली असं तिला वाटलं. वजनकाट्यावरही कधी एखाद्या गरजू शेतकऱ्याचं माप ती हलक्या हातानं झुकतं करायची, तसंच हे.

मॉरी नोट हातात घेऊन परत आला, तोवर रेलीन ट्रे घेऊन हजर. "मॉरीची फेरी!" ती ओरडली.

मॉरीनं ग्लासांकडे बघितलं. मग एकेकाकडे बघितलं. क्लेम छताकडे बघत होता.

"कुणी दिले पैसे?"

"तूच," नेरिडा म्हणाली. "तुझं नाव आहे वर."

मॉरीनं पिवळी नोट तिच्या ग्लासाखाली सरकवली. आणि तिनं, तिच्याही नकळत, ती परत त्याच्याकडे ढकलली.

"असू दे रे."

शब्द तोंडातून निघाले आणि तिला कळलं. पण निघालेला ट्रक काट्यावर परत घेता येत नाही.

"असू दे?" मॉरी अगदी हळू म्हणाला. "नेरिडा, तुझा नवरा गेला तेव्हा मी तुला म्हणालो होतो का, तुझी फेरी असू दे?"

"मॉरी, मला तसं—"

"मी 'असू दे'मधला झालो म्हणायचं आता."

त्यानं टोपी उचलली, नोट उचलली आणि तो गेला. त्याचा ग्लास टेबलावर तसाच राहिला. फेस बसला, बुडबुडे संपले, बिअर पिवळ्या पाण्यासारखी दिसायला लागली, तरी रेलीननं तो उचलला नाही. घरी जाताना नेरिडाला गाडीच्या वायपरखाली ती नोट सापडली, चार घड्या घातलेली. प्लॅस्टिकची नोट, घडीत राहीना. हातात घेतली तशी हळूहळू उघडत गेली.

पुढच्या शुक्रवारी मॉरी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तेव्हा नेरिडा त्याच्या घरी गेली. तो परसात पंपाचा वॉशर बदलत होता. टोमॅटोबद्दल बोलला, उन्हाबद्दल बोलला, तारेवर बसून कलकलाट करणाऱ्या गुलाबी काकाकुव्यांना दोन शिव्या दिल्या. आत ये म्हणाला नाही.

"मॉरी, चुकलं माझं."

"तुझं काही चुकलं नाही. फिटलं आपलं. नोट मिळाली ना?"

"मग येत का नाहीस?"

मॉरीनं पाना खाली ठेवला. "येऊन काय करू? दर शुक्रवारी तुझ्या फोनच्या पदराआड उभा राहू? तुम्ही माझ्या नावानं मागवणार, मी तुम्हाला टेबलाखालून नोटा देणार, चोरट्यासारखा. माझे पैसे काय खोटे आहेत का गं? त्या पोराला ते हातात धरवत नाहीत?"

"त्याला वरून हुकूम आहे म्हणे. कमिटीनं त्या कंपनीशी करार केलाय."

"मग कमिटीनं प्यावी माझ्या वाटची."

परत येताना नेरिडा एवढी संतापली होती, की तिनं गाडीतला रेडिओ बंद करून मोठमोठ्यानं भांडण केलं. आधी ग्रँटशी, मग कमिटीशी, मग त्या कुठल्यातरी उंच इमारतीत बसलेल्या कंपनीशी, जिला कुरिंगा नकाशावर दाखवता आलं नसतं, पण कुरिंगातल्या प्रत्येक घोटातला थेंब मात्र अचूक सापडत होता. एक फेरी म्हणजे एक शुल्क. आता तरणी पोरं टेबलाला टेकून आपापली बिअर आपापली मागवत होती, म्हणजे चार माणसांची चार शुल्कं. फेऱ्या मोडल्या की कंपनीचा नफा चौपट. आणि हे म्हणे सोपं झालं! शेजाऱ्याला बिअर आणून द्यायलाच जिथं कर बसतो, तिथं शेजारी कोण राहणार? उद्या हे 'कसं काय' विचारायलाही पैसे लावतील आणि वर विचारतील, किती टक्के बक्षिशी?

शेवटी ती स्वतःशी भांडली, आणि ते भांडण सगळ्यात लांबलं. मॉरी गेल्यापासून तिघांनी काय केलं होतं? त्याची फेरी ओलांडून पुढे गेले होते. क्लेम, इव्हॉन, नेरिडा. क्लेम, इव्हॉन, नेरिडा. जणू तो मेलाच. मेलेल्याचीसुद्धा एक फेरी धरतात या गावात.

त्या शुक्रवारी उन्हानं कहर केला होता. क्लबचा पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. क्लेमनं घाम पुसत फोन काढला.

"ठेव खाली," नेरिडा म्हणाली.

"का?"

"फेरी मॉरीची आहे."

"मॉरी इथं नाहीये, बाई."

"म्हणून काय झालं? क्रम क्रम आहे. तो गेला त्या दिवशी तुझी झाली, इव्हॉनची झाली, मग मॉरीची. आपण मधे चोरून प्यायलो ते प्यायलो. आता मॉरीची फेरी आल्याशिवाय कोपऱ्यातलं टेबल पिणार नाही."

क्लेमनं इव्हॉनकडे बघितलं. इव्हॉननं पर्सची चेन बंद केली. "औषधं सोडून पाणीसुद्धा नाही," ती म्हणाली.

"देवा," क्लेम म्हणाला. "बाहेर डांबर वितळतंय, आणि या दोघींना तत्त्व सुचतंय."

तिघं कोरडी बसली. नेरिडानं बारवरून चार कोरडे ग्लास आणून मांडले, तिघांपुढे तीन आणि चौथ्या खुर्चीपुढे चौथा. थोड्या वेळानं शेजारच्या टेबलावरच्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्या डॅरननं हाक मारली. "काय गं नेरिडा, पैसे संपले का? बिअरचा जग पाठवू?"

"नको. मॉरीची फेरी आहे."

डॅरनचा हात फोनवर होता तो तिथंच थांबला. मॉरीच्या गोष्टीतलं त्याला सगळं माहीत होतं. कुणाला नव्हतं? त्यानं फोन पालथा ठेवला आणि आपल्या सोबत्यांना काहीतरी म्हणाला. त्यांनीही पालथे ठेवले. खिडकीजवळच्या टेनिसवाल्या बायका मात्र पीतच राहिल्या, मोठ्यानं हसतही राहिल्या. पण दारापासच्या दोन टेबलांनी रेलीनला थांबवून विचारलं, आणि ती वाकून सांगायला लागली. रेलीननं एखादी गोष्ट वाकून सांगितली की ती गावभर झाली म्हणून समजावं.

ग्रँट आला. हसतच आला. "सगळं ठीक ना? ॲप चालत नाहीये का?"

"ॲप चालतंय," नेरिडा म्हणाली. "आम्ही चालत नाही."

"मिसेस गॉफ, मला कळतं तुमच्या भावना. पण रोख सांभाळायला खर्च येतो. मोजा, बँकेत न्या—"

"कुठल्या बँकेत? ती तर तुम्ही लोकांनी आमच्या सोयीसाठी उचलून नेलीत."

"ती मी नाही नेली."

"नाही. तू फक्त त्यांची भाषा बोलतोस." तिचा आवाज चढला होता. खिडकीजवळचं हसणं थांबलं. "रेलीनचे दोन दिवस गेले, तो पैसा कुठं गेला? आमच्या फेरीवर शुल्क बसलं, तो पैसा कुठं गेला? क्लबचं छत गळतंय ते गळतंयच. मग खर्च वाचला कुणाचा? सांग ना. मी कोठारावर काम केलंय, पोरा. इकडचं वजन कमी झालं की तिकडचं वाढतं. हवेत काही जात नाही."

ग्रँटनं सौजन्य वाढवलं. "कमिटीसमोर लेखी तक्रार दिलीत तर—"

"क्लेम," नेरिडा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मॉरीच्या घरचा नंबर लाव."

क्लेमनं लावला. बराच वेळ वाजला. "मॉरी? क्लेम. अरे, कुठं मेलायस? ... हो, क्लबातच. ... नाही, प्यायलेलो नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. ... मॉरी, ऐक तर—"

नेरिडानं फोन त्याच्या हातातून ओढला. येताना रस्ताभर तिनं गोड वाक्यं जुळवली होती. समजूत, माफी, आठवणी. ती सगळी तिनं गिळली. गोडच तर नडलं होतं.

"मॉरी डिलन," ती सगळ्या क्लबला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कंजूष म्हाताऱ्या, फेरी चुकवून घरी लपलायस होय रे? आम्ही तिघं इथं घसा कोरडा करून बसलोय आणि तू टोमॅटोला पाणी घालतोयस. चाळीस वर्षं आमची प्यायलास, आणि आता तुझी पाळी आली तर खिशाला शिवण घातलीस. लाज वाटते का काही?"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

"संपलं," क्लेम म्हणाला. "आता तो माझ्या मयतालाही येणार नाही."

"बस गप्प," नेरिडा म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

मॉरी आला तेव्हा त्यानं धुतलेला शर्ट घातला होता आणि केस ओले करून विंचरले होते. चेहरा लालभडक. कोपऱ्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. पाठ सरळ करून थेट बारपाशी गेला, टोपी काढून ठेवली, टोपीशेजारी पिवळी नोट ठेवली.

"चार. कोपऱ्यातल्या टेबलाला. त्या भवानीला जरा जास्त फेस दे."

रेलीननं ग्लास उचलला.

"रेलीन," ग्रँट म्हणाला, "यंत्रात नोंद झाल्याशिवाय बिअर सोडता येत नाही. मोजणीत तूट येते. ती माझ्यावर येते."

"मग कर की नोंद, राजा. तुला अंगठा आहे, तुझ्याकडे फोन आहे."

"मी?"

"मग कोण, मॉरी?"

नेरिडाच्या मांडीखालचा हात फोनकडे जायला बघत होता. एक बोट दाबलं की मिटलं असतं. ती हातावर आणखी जोरानं बसली. मॉरी बारपाशी एकटा उभा होता, आणि या वेळी त्याला एकटंच उभं राहू द्यायचं होतं.

डॅरनची खुर्ची सरकली. दारापासच्या टेबलावरचा कुणीतरी उभा राहिला. सगळे बघत होते, आणि आज कुणीही आपल्या ग्लासात बघत नव्हतं. आज ग्लासात काही नव्हतंच.

ग्रँटनं फोन काढला. बारवरचा कोड टिपला. जन्मतारीख दिली. चार बिअर. रेलीन त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"वीस टक्के दाब," ती म्हणाली. "सेवा चांगली आहे इथली."

कुणीतरी फसकन हसलं. ग्रँटचे कान लाल झाले. "आणि हे खालचं शुल्क..." तो पुटपुटला.

"ते तुझं तू भर," मॉरी म्हणाला. "बिअरची किंमत पाटीवर लिहिलीय, ती मी देतोय. तुझ्या फोनला चारायला मी आलो नाही." त्यानं नोट पुढे सरकवली. "आणि सुटे परत दे."

"सुटे नाहीत. गल्लाच काढून टाकलाय."

"थांबतो मी."

मॉरी थांबला. कोपर बारवर टेकून, पुढची मेंढी कातरायला यायची वाट बघत थांबावं तसा. शेवटी रेलीननं, जिंकणाऱ्याला मटण मिळायचं त्या सोडतीच्या तिकिटांचा पत्र्याचा डबा ओढला. त्या डब्यात अजून नाणी वाजत होती, कारण ती सोडत चालवणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर ॲपचं नाव काढायची कमिटीत कुणाची हिंमत नव्हती. पन्नासची नोट डब्यात गेली, सुटे बाहेर आले, बिअरचे ग्रँटला, उरलेले मॉरीला. मॉरीनं आपले मोजून घेतले. मग ट्रे स्वतः उचलून आणला, एक थेंब न सांडता.

चार ग्लास ठेवले. बसला. कुणी आभार मानले नाहीत.

"कंजूष म्हणे," तो म्हणाला.

"म्हाताराही म्हटलं," नेरिडा म्हणाली. "ते मागे घेत नाही."

बिअर थंड होती. क्लेमनं डोळे मिटून अर्धा ग्लास एका दमात संपवला आणि कुठल्यातरी देवाचं नाव घेतलं. ग्रँट अजून बारपाशीच होता. "आजच्यापुरतं हं!" तो सगळ्यांना उद्देशून, तसंच हसत म्हणाला. "पुढच्या शुक्रवारपासून नेहमीसारखं. सगळ्यांच्याच सोयीसाठी."

नेरिडाचा ग्लास तोंडापाशी थांबला. मग तिनं तो एका दमात रिकामा केला. ही तिची पद्धत नव्हती.

"हळू," मॉरी म्हणाला. "पुढची पाळी तुझी आहे."

"माहीत आहे."

ती उठली. फोन टेबलावर पालथा ठेवला. पर्सच्या आतल्या कप्प्यातून ती पन्नासची नोट काढली, मॉरीनं वायपरखाली ठेवलेली, चार घड्या घातलेली, इतके दिवस न मोडलेली. बारपाशी जाऊन ती ग्रँटच्या समोर ठेवली. नोट हळूहळू उघडत गेली. मागे डॅरन पाकीट काढून रांगेला लागला होता, आणि त्याच्यामागे आणखी कुणीतरी.

"चार," नेरिडा म्हणाली. "आणि मलाही सुटे लागतील."